पायदल बाबू

सकाळी साडेपाचला मी रस्त्यानं पायी जाताना दिसलो आणि नऊ वाजेपर्यंत गावात पक्कं झालं, की माझी गाडी बँकेनं ओढून नेली.

यात गावाची चूक नाही. आमच्याकडे पायी चालायला कारण लागतं. मयत, मोर्चा, पंक्चर, नाहीतर गजानन महाराजांची पालखी. शेगावहून पंढरपूरला चालत जाणाऱ्याच्या लोक पाया पडतात; पण तोच माणूस फाट्यापर्यंत कामाशिवाय चालत गेला, तर त्याला काहीतरी झालंय. पवनारहून निघून विनोबा जवळपास 13 वर्षं देशभर चालले, पण त्यांना जमिनी मिळवायच्या होत्या. मला काय मिळवायचं होतं? 'सहभाग समाधानकारक' एवढा शेरा.

मी एका विद्यापीठात वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीची 22 वर्षं झाली. त्यात खुर्ची दोनदा बदलली, बसायची पद्धत नाही. मार्चअखेरची बिलं संपवून जरा पाठ टेकावी, तोच परिपत्रक आलं : 'कर्मचारी आरोग्य संवर्धन मोहीम'. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी 30 दिवस रोज 10,000 पावले चालावीत व माहिती विहित नमुन्यात, दोन प्रतींत सादर करावी. आमच्या तब्येतीची एवढी काळजी कुठून आली म्हणाल, तर विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'ची समिती तपासणीला येणार होती. तिच्या 6व्या निकषात कर्मचारी-कल्याणाचा मुद्दा होता. त्या फायलीत आमच्याकडे फक्त 21 जूनच्या योगदिनाचे फोटो होते, आणि मी त्यात दरवर्षी शवासनातच सापडतो.

चालण्याआधी मी नियम वाचायला घेतले. काम टाळायचं तर आधी कागद वाचावा, हा आमच्या पेशाचा धर्म. तेव्हा कळलं, की 10,000 हा आकडा मुळात दवाखान्यातून आलेलाच नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. यंत्र खपलं, आकडा जगभर गेला आणि फिरत फिरत आमच्या आवक नोंदवहीत येऊन पडला. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मागतच नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटं, जरा दम लागेल अशी हालचाल करा, म्हणते. ती कामातली असो, घरातली असो, की येण्याजाण्यातली, सगळी धरते. मी तातडीनं टिपणी ठेवली : पाच दिवसांचा आठवडा धरता रोज 30 मिनिटे होतात, सबब 10,000 चा आग्रह शिथिल करावा. टिपणी 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली. चर्चा कोणी केली नाही. मी बूट विकत घेतले.

पहिल्याच दिवशी पांदण रस्त्याला लागेस्तोवर तीन मोटारसायकली थांबल्या.

"बाबूजी, बसा ना मांगं."

म्हटलं, नको, चालतोय.

"थे तं दिसूनच राह्यलं. म्हनून तं थांबलो."

तब्येतीसाठी चालतोय, असं सांगितलं. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काय निंगालं?"

चौथा ट्रॅक्टरवाला होता. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. ट्रॉलीतल्या पोरांना म्हणाला, "घ्या रे बाबूले वर." दोघांनी दंडाला धरून मला कुटाराच्या ढिगावर बसवलं. त्या दिवशीचा माझा फेरफटका 4 किलोमीटरचा झाला, पावलं 900. अंगाला खाज सुटली ती वेगळी.

दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीच्या काड्यांचे भारे घेऊन येणाऱ्या बाया भेटल्या. मी कोपरात हात वाकवून, छाती काढून, व्हिडिओत दाखवतात तसा झपाझप येत होतो. त्यांनी मला पाहिलं आणि रस्त्यातच भारे उतरवून ठेवले. पोटभर हसायचं तर डोकं रिकामं लागतं.

"बाबू, रिकामेच हात हालवत कुठी चाल्ले? येक भारा घ्या ना डोक्शावर. तुमचाई व्यायाम होते, आमचीई खेप वाचते."

विहित नमुन्यात याला रकाना नव्हता. मी मान खाली घालून पुढे निघालो.

दुपारी ऑफिसात बायकोचा फोन. शेजारच्या काकू जांभळाच्या बियांची पूड देऊन गेल्या होत्या. "भाऊजीले शुगर निंगाली म्हनते. लपवाले कायले पायजे? आमच्याई घरी हाये." तिसऱ्या दिवशी मेथीदाणे आले, चौथ्या दिवशी कारली. माझी साखर नॉर्मल आहे हे सांगायला बायको पाचव्या दिवशी आठ घरं पायी फिरून आली. तिची पावलं मोहिमेत धरली जात नव्हती.

कुत्र्यांबद्दल मी काही लिहीत नाही. ती इमानदार होती. मी ज्या वेगानं पळायला हवं होतं, त्या वेगानं त्यांनी मला पळवलं. खरा घात केला फाट्यावरच्या पोहेवाल्यानं. चालून चालून तिथं पोचावं आणि नेमकं तेव्हाच त्यानं तर्रीच्या गंजावरचं झाकण काढावं. पंधरा दिवसांत माझी पावलं काही 10,000 झाली नाहीत, वजन मात्र दीड किलोनं वाढलं.

मग ठरवलं, गाव नको, विद्यापीठाच्या आवारातच चालू. आमचं आवार ऐसपैस आहे. परीक्षा विभाग एका टोकाला, लेखा शाखा दुसऱ्या टोकाला आणि मधे 44 डिग्रीचं ऊन. जेवणाच्या सुटीत चाला, असं मोहिमेचं परिपत्रक म्हणत होतं. त्याच आठवड्यात उष्माघाताचं दुसरं परिपत्रक आलं, दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नये. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. मी दोन्ही वाचत सावलीत बसलो.

एवढ्यात इतरांचे आकडे यायला लागले होते. 10,012. 10,040. 10,007. ऑडिटमध्ये असे आकडे दिसले असते तर आम्हीच आक्षेप काढला असता. लेखा शाखेच्या मॅडम कालची शिल्लक आज पुढे ओढत होत्या. एका प्राध्यापकांनी फोन नातवाच्या पाळण्याला बांधल्याचं ऐकलं. तसं असेल तर नातू फार रडका असावा.

आमच्या विभागाच्या तक्त्यात एकच रकाना कोरा होता, शिपाईभाऊंचा. त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन. विचारलं तर म्हणाले, "मी कुठी चालतो बाबू? माही तं डुटी हाये."

नियम शोधताना वाचलेलं एक प्रकरण मला तेव्हा आठवलं. 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा हिशोब मांडला होता. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. गाडी एकच, पण हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. मी माझ्या खुर्चीकडे पाहिलं. स्टेअरिंग तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकली आणि फोन खिशात घालून शिपाईभाऊंच्या मागं निघालो. सकाळी कुलपं. 11 खोल्या, तीन मजले. मग पाण्याच्या कॅन. मग टपाल, मुख्य इमारत. तिथून सही राहिली म्हणून परत, सही घेऊन पुन्हा तिथं. मग परीक्षा विभागात गठ्ठा, तिथले साहेब जेवायला गेलेले. मग चहा. चहात साखर कमी, म्हणून पुन्हा चहा. ती साखर कमी असल्याची तक्रार रोज मीच करतो, हे मला वाटेत आठवलं. ते अधूनमधून वळून म्हणत, "तुमी कायले येता बाबू, मी आनतो ना," आणि चालतच राहत. त्यांच्या पायांत टायरच्या तळव्याच्या चपला होत्या. माझ्या पायांत साडेतीन हजारांचे बूट आणि दोन फोड.

साडेबाराला लेखा शाखेच्या पायरीवर मी बसलो तो उठेना. फोनवर 9,300 दिसत होते. शिपाईभाऊ कॅन्टीनमधून माझ्यासाठी लिंबूसरबत घेऊन आले. जाऊन-येऊन त्यांचीच आणखी 600 पावलं झाली असतील. मग फोन त्यांच्याच खिशात दिला. सायंकाळी कुलपं लावून त्यांनी परत केला, तेव्हा आकडा होता 17,846.

मी तो त्यांच्या रकान्यात भरला, खाली सही केली आणि तक्ता दोन प्रतींत पाठवून दिला. 22 वर्षांत मी इतका खरा कागद पाठवलेला नव्हता.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'सदर कर्मचाऱ्याने कार्यालयीन वेळेत, कर्तव्याचा भाग म्हणून चाललेली पावले व्यायाम म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. सबब तक्ता दुरुस्त करून फेरसादर करावा.'

पत्र मुख्य इमारतीतून शिपाईभाऊच घेऊन आले होते. टेबलासमोर उभे राहून मानेवरचा घाम दुपट्ट्यानं पुसत होते.

"वाचून झालं का बाबू? पोचवर सही द्या," ते म्हणाले. "मले आताच वापस नेऊन द्या लागते."