अजरामर व्हायचंय? आधी डोंगर बघा

भावी राजे हो, तुम्ही राज्य कसं केलंत हे पुढे कुणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की कुठे काय कोरून ठेवलंय. तेव्हा सारावसुली, पाऊसपाणी, सैन्याचा थकलेला पगार असल्या किरकोळ गोष्टी अमात्यांच्या गळ्यात घाला आणि कीर्तीच्या कामाला लागा. फ्लेक्स पहिल्या वळवाला फाटतो, तांब्याचा पत्रा पुढचा कुणीतरी मोडीत घालतो. सह्याद्रीचा काळा कातळ मात्र दोन हजार वर्षं काढतो. सातवाहन आणि त्यांचे हाडवैरी क्षहरात क्षत्रप, म्हणजे पश्चिमेचे शक राजे, यांनी या विद्येचे धडे डोंगरात घालून ठेवले आहेत. ते नुसते गिरवलेत तरी पुष्कळ.

पहिली गोष्ट जागा. लेख कधीही राजवाड्यात कोरू नका. तिथे येणारे आधीच तुमचे भाट असतात. जिथे माणसाला नाइलाजाने थांबावं लागतं अशी जागा धरा. नाणेघाट घ्या. कोकणातून जुन्नरकडे माल चढवणारा व्यापारी घाटमाथ्याशी येईपर्यंत त्याचा आणि बैलांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. तो जिथे टेकणार तिथेच नागनिका राणीने लेणं खोदवलं आणि भिंतींवर नवऱ्याच्या, म्हणजे पहिल्या सातकर्णीच्या, यज्ञांची यादी लावली. अश्वमेध, राजसूय आणि बाकीचे, प्रत्येकापुढे दक्षिणा: १,७०० गाई नि १० हत्ती, कुठे १०,००१ गाई, कुठे २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. त्या १०,००१ मधल्या शेवटच्या एका गाईकडे नीट बघा. आहेराच्या पाकिटात आपण वर एक रुपया चिकटवतो ना, तसं. दहा हजार कुणीही थापा मारून सांगेल. वरची एक गाय आली की हिशोब खरा वाटतो.

मूर्ती करायच्या की अक्षरं? दोन्ही करा, पण पैसे कमी पडले तर मूर्तींवर काट मारा. नाणेघाटात मागच्या भिंतीवर घराण्याचे पुतळे होते: मूळपुरुष सिमुक, सातकर्णी-नागनिका जोडी, राजपुत्र, शिवाय महारठी त्रणकयिर. आज पुतळ्यांच्या जागी पायांच्या खुणा उरल्यात, आणि वर नावं. नुसते पाय बघून कुणी मुजरा करत नाही. नाव असलं तर निदान वाचतात.

आता दानाची यादी. यात कुणाला गुरू करायचं असेल तर क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाला करा. सासऱ्याच्या राज्यात जावयाने किती मिरवावं याला काही धरबंध नसतो, हे उषवदाताने नाशिकच्या पांडवलेण्यात, दहा नंबरच्या लेण्यात, लिहून ठेवलंय. ३ लाख गाई दिल्या. १६ गावं दिली. वर्षभर लाख ब्राह्मण जेवू घातले. प्रभासला ब्राह्मणांना आठ बायका मिळवून दिल्या. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. ३२,००० नारळीची झाडं दिली. तीन लाख गाई बांधल्या कुठे, त्यांचं शेण कुणी काढलं, असले प्रश्न शिलालेखाला विचारायचे नसतात. आकडा जितका मोठा तितका मोजणारा कमी, एवढं ध्यानात ठेवा. शिवाय ब्राह्मणभोजनाची ही सगळी फुशारकी बौद्ध भिक्खूंच्या विहाराच्या भिंतीवर आहे. दोन्ही डगरींवर हात कसा ठेवायचा ते इथे शिकावं.

याच जावईबापूंनी एक काम मात्र असं केलंय की त्याची टिंगल करता येत नाही, म्हणून तुम्ही ते बहुधा गाळालच. तरी सांगतो. ३,००० कार्षापण त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, महिना शेकडा १ दराने. दुसरीकडे १,०००, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. आता मांडा हिशोब: २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणारे भिक्खू २०, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, १२. बरोबर २४०, पै इकडे-तिकडे नाही. दुसऱ्या रकमेचे वर्षाला ९० येतात, ते भिक्खूंच्या वरखर्चाला. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. अशी चूक तुम्ही करू नका. मुद्दल, दर, लाभार्थी आणि नोंद चारही गोष्टी एका ठिकाणी लिहिल्या की कोणीही ताळा करून बघू शकतो. त्यापेक्षा गाई बऱ्या.

पुढची पायरी शत्रूची. शत्रू मारणं हे निम्मंच काम. त्याच्या दानावर आपलं दान चढवणं हे उरलेलं निम्मं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि राज्याच्या १८ व्या वर्षी जयस्कंधावारातून, म्हणजे लढाईच्या तळावरूनच, गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा सोडली, तीही पांडवलेण्यातच कोरलीय: आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही त्रिरश्मीच्या, म्हणजे पांडवलेण्याच्या डोंगरावरच्या, भिक्खूंना देतो. सवलतीही सगळ्या: सरकारी माणसाने आत शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मीठ उकरायचं नाही, पोलिसी करायची नाही. दुसऱ्याच्या खिशातून दान केलं की सवलती द्यायला हात आखडत नाही.

इथे काय चुकतं तेही त्याच भिंतीवर आहे. २४ व्या वर्षीची दुसरी आज्ञा वाचा. अमात्य श्यामकाचं क्षेमकुशल आधी विचारलंय (सरकारी पत्राची ही रीत तेव्हापासूनची), मग हळूच मुद्दा: आम्ही दिलेलं शेत कुणी कसत नाही, ते गाव वसत नाही; तरी नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय शेतातली १०० निवर्तनं द्यावीत. सहा वर्षं भिक्खूंकडे पडीक रानाचा सातबारा होता म्हणायचा. लढाईने उजाड झालेलं गाव दान दिलं की असं होतं: कुळंच पळून गेलेली असतात. आणि भरपाई करताना दोनशेची शंभर झाली तरी सवलतींची यादी मात्र जशीच्या तशी उतरवलीय. हे पत्र राजाने आईसोबत काढलंय, बरं का. नरमाईचा कागद एकट्याच्या नावाने काढू नये.

नाण्यांचं काम त्या मानाने सोपं. शत्रूची चांदी वितळवत बसू नका. कोळसा जळतो, तूट येते, वजन पुन्हा जुळवावं लागतं. त्याच्याच नाण्यावर आपला ठसा ठोका. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने एकीकडे कमानींचा डोंगर आणि दुसरीकडे उज्जैनचं चिन्ह मारलंय. दोष एवढाच, की घाव उथळ बसला तर डोंगराच्या पायथ्याशी नहपानाचं नाक दिसत राहतं. अशी नाणी हातात आली की राज्य कुणाचं गेलं आणि कुणाचं आलं हे अडाण्यालाही कळतं. दुसरी अडचण घरातूनच उपटते: ज्यांची नाकं दाबली त्यांचीच फॅशन पुढच्या पिढीला आवडते. पुढच्या सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे मुखवटे काढून घेतले, अगदी क्षत्रपांसारखे.

प्रशस्ती कुणाकडून लिहून घ्यावी? आईकडून. पगारी कवी शेवटी पगाराएवढंच लिहितो. गौतमी बलश्रीने मुलाच्या पश्चात, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, त्याच पांडवलेण्यात भिंतीवर जे लिहवून घेतलं त्याला तोड नाही. मुलगा हिमालय, मेरू, मंदार यांच्या तोडीचा, चेहरा सूर्याने उमलवलेल्या कमळासारखा, चाल गजेंद्राची, वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यालेली. (घोड्याला खारं पाणी पाजलं तर पोटाचं काय होतं ते मोतद्दाराला विचारा. प्रशस्तीकाराला विचारू नका.) विशेषणं निवडताना सुसंगतीच्या नादी लागू नये, हेही बलश्रीने दाखवून दिलंय. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला ज्याला रुचत नाही असा तो, आणि क्षहरात वंश निरवशेष करणारा तोच. दोन्ही एकाच लेखात, एकाच भिंतीवर. तुमच्या दरबारात एखादा शहाणा यावर बोट ठेवेल. त्याला सीमेवर पाठवा.

प्रशस्तीत सगळं साधलं तरी सोयरीक चुकली तर पाणी फिरतं. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची लेक म्हणून नोंदलीय, आणि तो महाक्षत्रप बहुधा रुद्रदामन, क्षत्रपांच्या दुसऱ्या घराण्यातला. त्याच रुद्रदामनाने गिरनारला, अशोकाने आधीच वापरलेल्या कातळावर, लिहून ठेवलं: दक्षिणापथपती सातकर्णीला सरळ लढाईत दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडून टाकलं नाही. हरवलं ते हरवलं, वर उपकार केला, तोही शुद्ध संस्कृतात. सासरा ठरवताना त्याच्याकडे मोठा कातळ आहे का, हे आधी बघून घ्यावं.

धरण फुटलं तर काय लिहायचं, याचाही नमुना तिथेच आहे. शके ७२, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. सुदर्शन तलावाला ४२० हात लांब, तितकंच रुंद, ७५ हात खोल खिंडार पडलं. कारण म्हणून युगान्तासारखा वारा आणि अतोनात पाऊस नोंदवलाय. अवकाळीवर ढकलण्याची प्रथा नवी नाही. मंत्र्यांनी खर्च बघून कानावर हात ठेवले, प्रजा हवालदिल झाली, तेव्हा राजाने स्वतःच्या खजिन्यातून, जादा कर नाही, वेठबिगार नाही, असा बांध पहिल्याहून मोठा बांधला. काम केलं सुविशाख नावाच्या पह्लव, म्हणजे पार्थियन, अधिकाऱ्याने, आणि त्याचं नावही राजाने लेखात येऊ दिलं. तुम्ही एवढं मन मोठं करू नका. कोनशिलेवर जागा कमी असते.

शेवटी कारागीर. लेणं वरून खाली खोदतात, आधी छत, मग खांब, मग जमीन, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. याचा अर्थ छताशी काय चाललंय ते तुम्हाला खालून दिसत नाही, आणि ही मंडळी कुठे काय कोरतील याचा नेम नसतो. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कान्हदास सोनाराने आपलं नाव घातलंय. कोंडाण्याला बलुकाने, आपण कान्हाचे शिष्य, असं गुरूसकट लिहिलंय. कार्ल्याचा भूतपाल श्रेष्ठी तरी निदान पैसे मोजून, जंबुद्वीपात उत्तम असं हे शैलगृह आपण पुरं केलं म्हणाला. कारागिरांनी तर फुकटात जागा लाटली.

सर्वांत सोकावलेला निघाला सांचीचा आनंद. दक्षिण तोरणावर त्याचा लेख आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं दान. म्हणायला राजाचं नाव पहिलं. पण हा सातकर्णी पहिला की दुसरा, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. आनंद कोणता, असा वाद कुणी घातलेला नाही.