झोपेचं बक्षीस

आजवर मला एकच बक्षीस मिळालं होतं. सातवीत, लिंबू-चमच्यात, तेही उत्तेजनार्थ. स्टीलची वाटी होती, अजून मोहरी ठेवायला चालते. त्यानंतर थेट या पावसाळ्यात दुसरं मिळालं, झोपल्याबद्दल. एका तासाहून जास्त झोपून दाखवायचं, एवढीच अट. ऐकायला सोपं वाटतं ना? नाशिकच्या टू-बीएचकेमध्ये एक टीव्ही, एक सासूबाई, एक नवरा आणि दाराला एक बेल असताना तासभर आडवं होऊन दाखवा, मग बोलू.

झालं असं, की चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. जाताना सायकल नेली, माझी चांगली इस्त्री नेली आणि हॉस्टेलवर सांभाळायचं कोणी म्हणून प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, घरी ठेवलं. "आई, ओल्या फडक्याने पुसू नकोस," एवढीच सूचना. आता यंत्र घरात नुसतं पडून राहिलेलं मला बघवत नाही. घरघंटी आणली तेव्हा महिनाभर दिसेल ते दळत होते. मी फोन केला, "यात मला जमेल असं काही आहे का रे?"

"'स्ट्रे' खेळ. त्यात तू मांजर असतेस."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे रोबो. माणूस एकही नाही."

दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला याहून मोठं आमिष नाही.

खेळ फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या एका छोट्या चमूने केलेला. २०२२ च्या जुलैत आला आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स' या व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांत स्वतंत्र खेळांमधला सर्वोत्तम ठरला. एक नारिंगी मांजर आपल्या भावंडांबरोबर पाईपवरून चाललेलं असतं, पाईप निसटतो आणि ते खाली एका बंदिस्त, अंधाऱ्या शहरात पडतं. तिथून वर, उजेडात यायचं. बस. तलवार नाही, गाडी नाही. म्याव करायला मात्र स्वतंत्र बटण आहे, आणि ते म्याव टीव्हीतून नाही, हातातल्या रिमोटमधून येतं. चिरंजीव त्याला कंट्रोलर म्हणतात. आमच्या घरात हातात धरायच्या सगळ्या गोष्टींना रिमोटच म्हणतात.

सुरू करण्याआधी एक चूक केली. चिरंजीवांचे मित्र कसल्यातरी वह्या न्यायला आले होते, त्यांना पोहे देता देता विचारलं, "कसा आहे रे हा खेळ?" अर्धा तास गेला. एक म्हणाला, फारच छोटा, पाच-सहा तासांत संपतो, पैसे वसूल नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, मांजर असून आपल्या मनाने उडी मारता येत नाही, बटणाची खूण दिसेल तिथेच मारायची, मग पडायची भीती नाही आणि मजाही नाही. तिसऱ्याला राग याचा, की शांतपणे फिरायच्या खेळात मध्येच त्या झुर्क नावाच्या किड्यांना जाळायचा दिवा कशाला घुसवला. चौथा काही बोलला नाही. तो जाताना दारात चपला घालत म्हणाला, "काकू, शेवटी मी रडलो होतो, पण यांना सांगू नका."

पडायची भीती नाही, हे ऐकून मी तिथेच हा खेळ पसंत केला. आमच्या वयात गुडघ्यांचा प्रश्न असतो. आणि छोटा? पाच-सहा तासांचा तो खेळ मला सात आठवडे पुरला.

कारण टीव्ही. संध्याकाळी सात ते साडेनऊ मालिका, त्यानंतर ह्यांच्या बातम्या. मला मिळायचा तो रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार, दुपारी जेवणानंतर. तेव्हा हे आणि सासूबाई दोघेही हॉलमध्येच, सोफ्याच्या दोन टोकांना.

पहिल्या दिवशी मांजर घसरून खाली पडलं तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, कळवळल्या. लंगडत उठलं तर म्हणाल्या, "अगं, हळद लाव." नंतर दोन तास त्यांचा एकच धोशा, "ते सकाळपासून उपाशी आहे." मी सांगितलं, आई, या खेळात भूक नसते. "भूक नाही असं मांजर असतं का कुठे?" या एका मतावर त्या शेवटपर्यंत ठाम होत्या, आणि सगळ्या जाणत्या खेळाडूंच्या मतांपेक्षा मला तेच जास्त पटलं.

मग बोका की मांजर, हा वाद. मांजराला खेळात नावच नाही, त्यामुळे तिथून काही मदत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी निवाडा दिला की नारिंगी असलं की बहुतेक बोकाच. आई म्हणाल्या, चाल बघा, ती मनी आहे. हे म्हणाले, "मराठीत 'ते मांजर' म्हणायची सोय आहे ना, मग भांडता कशाला?" आमच्या घरातलं भांडण व्याकरणाने मिटल्याचा हा एकमेव प्रसंग. काकू जाता जाता "सारखं मांजर आडवं जाणारं काही घरात लावू नये" असंही सांगून गेल्या. साखर मात्र नेली.

खरी गंमत पुढे. खाली ती रोबोंची वस्ती लागली. एकावर एक चढवलेल्या खोल्या, गॅलऱ्या, लोंबणाऱ्या वायरी, पत्र्यावर टपटपणारं पाणी आणि सगळीकडे मिणमिणते दिवे. चिरंजीव म्हणाले होते, हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटीवरून हे सुचलंय. साडेसहा एकरांत तीस हजारांवर माणसं राहायची, १९९३-९४ मध्ये पाडलं ते. मी हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यात काय, आमच्या वाड्यात अठरा बिऱ्हाडं होती आणि नळ एक."

आईंचं माहेर जुन्या नाशकातलं, तिवंध्याजवळ. या खेळात नकाशा नाही, अशीही त्या पोरांची तक्रार होती. आम्हाला गरज पडली नाही. मी वीस मिनिटं एकाच चौकात गरगरत होते. आई वाती वळता वळता म्हणाल्या, "जिन्याखालून बोळ असेल बघ." होता. "आता पत्र्यावरून पलीकडच्या गच्चीत." गेले. "आता खिडकी उघडी असणार, स्वयंपाकघराची." खिडकी उघडी होती. मी त्यांच्याकडे बघितलं. "आमची मनी अशीच जायची. कोणाचं दूध कुठे ठेवलंय, सगळं तिला पाठ."

ह्यांचा उत्साह वाढला तो कामांची साखळी आली तेव्हा. एका थरथरणाऱ्या रोबोकडून यंत्र दुरुस्त करून घ्यायचं. तर त्याला थंडी वाजतेय. म्हणून एका आजीकडून त्याच्यासाठी वायरींचा पोंचो विणून घ्यायचा. आजीला वायर हवी. वायरवाला म्हणतो, कपडे धुवायचं लिक्विड आण. लिक्विड लाँड्रीत, लाँड्री बंद. ती उघडायची तर गच्चीवर रंगाचे डबे इकडून तिकडे फेकणाऱ्या दोन रोबोंपाशी जाऊन नेमकं म्याव करायचं, म्हणजे डबा हातातून सुटतो, रंग लाँड्रीच्या दारात सांडतो, मालक बोंबलत बाहेर येतो आणि आपण आत शिरायचं. हे सोफ्यावरून उठून उभे राहिले. "अगं, हे तर वारसनोंद करण्यासारखं आहे!" वडिलांच्या पश्चात नाव लावायला ते दीड वर्ष एका कचेरीत खेटे घालत होते. "फक्त डबा पाडायचं मला सुचलं नाही," असं म्हणून खाली बसले, आणि बराच वेळ गप्प होते.

आता बक्षिसाकडे येते. या खेळात पडद्यावर मिळणाऱ्या ट्रॉफ्या असतात. कुठे दारं ओरबाडल्याबद्दल, कुठे रोबोंच्या पायाला अंग घासल्याबद्दल. मांजराने जे फुकट केलं असतं त्याचेच सत्कार. शंभर वेळा म्याव केल्याची ट्रॉफी आईंनी मिळवली. मी फोनवर बोलत होते म्हणून रिमोट त्यांच्या हातात दिला, तर त्या जपाच्या लयीत बटण दाबत बसल्या. शंभराला पडद्यावर ट्रॉफी आली. मी म्हटलं, "आई, झालं." त्यांनी बोटाने थांब अशी खूण केली आणि उरलेले आठ पूर्ण केले.

आणि एक ट्रॉफी झोपेची. तिचं नाव 'प्रॉडक्टिव्ह डे'. वस्तीत एक गवई रोबो तंतुवाद्य घेऊन रस्त्यात बसलेला असतो. त्याच्याशेजारच्या उशीवर जाऊन मांजर वेटोळं करतं, तो वाजवत राहतो, आणि मांजर घुरघुरतं. ती घुरघुर हातातल्या रिमोटमध्ये जाणवते, खरंच, तळव्याला. मी ठरवलं, हे आपण करायचं. मांजराला झोपवायचं आणि आपणही सोफ्यावर पडायचं. तुकड्यातुकड्यांत चालतं का, हे मी चिरंजीवांना विचारलंही नाही. हप्त्या-हप्त्याने घेतली तर ती झोप कसली, ते कर्ज झालं.

पहिल्या वेळी, शनिवारी, मांजर झोपलं, मी झोपले. अकराव्या मिनिटाला बेल. काकूंचं पार्सल, काकू घरी नाहीत. तेवढ्यात हे खोलीतून आले, टीव्हीवर काहीच हलत नाही असं बघून त्यांनी प्रामाणिकपणे वीज वाचवली. नुसता टीव्ही नाही, मेन स्विच.

दुसऱ्या वेळी ठाण्याचे पाहुणे. नाशिकला घर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. त्र्यंबकेश्वरला निघालेले, वणीला निघालेले, ब्रह्मगिरीची फेरी करून पाय सुजलेले, सगळे "जाता जाता" आमच्याकडे येतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी आमच्या हॉलमधली गादी आत्ताच तिघांनी बुक केली आहे. हे पाहुणे सकाळी मिसळ खाऊन त्र्यंबकला जाणार होते, ते मिसळीच्या तर्रीनंतर विश्रांतीला आमच्याकडेच थांबले. सहा जण सोफ्यावर, आणि समोर टीव्हीवर मांजर झोपलेलं. "हे काय लावलंय, वहिनी?" "झोपतंय ते." "मग उठणार कधी?" पाव तास सगळे गंभीरपणे बघत होते. शेवटी त्यांच्या धाकट्याने रिमोट उचलला आणि मांजर उठवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा टाकायला गेले.

तिसऱ्या वेळी बावन्न मिनिटं झाली होती. बावन्न! मी डोळे मिटून पडले होते, पण झोप कसली, मनात मोजत होते. त्रेपन्नाव्या मिनिटाला लाईट गेले. गॅलरीत येऊन पाहिलं तर समोरच्या बिल्डिंगमध्ये होते, मागच्या गल्लीत होते, फक्त आमच्या रांगेत नव्हते. देवाची पण काही मतं असतील या खेळाबद्दल.

मग तो रविवार आला. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, आणि सकाळपासून ह्यांचा फोन थांबेना. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, गुडघ्याला की कमरेला, छातीला लागेल की नाही. नाशिककरांना क्यूसेक कळत नाहीत, मारुती कळतो. दुपारी दोनला हे रेनकोट चढवून मित्रांबरोबर पूर बघायला निघाले. मी दारात म्हटलं, "सावकाश या. घाई नको." लग्नाला बावीस वर्षं झाली, इतक्या मनापासून हे पहिल्यांदाच म्हटलं असेन.

बेलचा प्लग काढला. फोन सायलेंट केला. मांजर उशीवर, मी सोफ्यावर. आई शेजारी बसल्या. मी रिमोट त्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, "काहीही दाबायचं नाही, नुसता धरायचा."

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "घुरघुरतंय गं हे." त्यांनी रिमोट दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला होता, पदराखाली. बाहेर पाऊस, आत तो रोबो वाजवतोय. "एकोणसत्तरच्या पुरात आमच्या मनीने चार पिल्लं अशी एकेक करून माळ्यावर नेली. खाली सगळी भांडी तरंगत होती. तिने कोणाला हात लावू दिला नाही. चौथं मात्र माझ्या ओंजळीत आणून ठेवलं, आणि गेली पुन्हा खाली."

"पुन्हा खाली कशाला?"

"मोजता येतं का मांजराला?"

त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मला झोप लागली. जाग आली तेव्हा पावणेपाच वाजले होते. आई बसल्या जागी झोपलेल्या, रिमोट ओंजळीत, आणि ट्रॉफी केव्हाच येऊन गेलेली. ती मी पाहिलीच नाही. फोन बघितला तर पुण्याहून नऊ मिस्ड कॉल. लावला.

"आई, झोपलीस का तू?"

"तुला कसं कळलं?"

"अगं, माझ्या अकाउंटवर ट्रॉफी आली! परीक्षेचा अभ्यास करतोय म्हणून मित्रांना सिनेमाला नाही म्हटलं होतं. आता सगळे विचारतायत, तास-तास मांजर झोपवत बसला होतास का म्हणून."

म्हणजे बक्षीस त्याच्या नावावर. माझ्या नावावर अजून ती मोहरीची वाटीच.

त्यानंतर दोन रविवारांत खेळ संपवला. शेवटी काय होतं ते पूर्ण सांगत नाही, पण शहराचं छप्पर उघडतं, ऊन येतं आणि मांजर बाहेर पडतं. मी डोळे पुसत होते, त्या चौथ्या मुलाची आठवण झाली. हे म्हणाले, "छान केलंय." आई मात्र नावं येऊन संपली तरी पडद्याकडे बघत होत्या.

"आणि भावंडं? ती भेटली की नाही?"

"ते दाखवलं नाही, आई."

"म्हणजे अर्धवटच सोडलं." थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "पहिल्यापासून लाव बरं."

लावलं. पाऊस, आडोसा, चार मांजरं एकमेकांना बिलगलेली. मी पुढे न्यायला बटण दाबणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "पुढे नको. तो पाईप आहे पुढे. राहू दे त्यांना इथेच."

आता रोज दुपारी तेच. आई रिमोट ओंजळीत घेऊन बसतात आणि चारही मांजरं मोजतात. सातला मालिका लागते, तोवर मला टीव्ही मिळत नाही.