'यापेक्षा आमच्या गल्लीतला बेंजो बरा': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही टोपणनावानं लिहिलंय, म्हणून नुसतं काका म्हणतो, चालवून घ्या. तुमची प्रतिक्रिया बँडच्या ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी वाचली, एकदोघांचा पारा चढला, पण मला ती आवडली कारण तुम्ही खरंच त्या रात्री तिथं होता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉटेलात एका रात्री आमच्या बँडनं गाणी वाजवली, 'मजा आली' असं मी त्यावर लिहिलं होतं, आणि त्याखाली काकांची ही प्रतिक्रिया आली. काका त्याच रात्री त्याच हॉटेलात घरच्यांना घेऊन जेवायला आले होते, आणि त्यांचं म्हणणं असं. विष्णुदास भाव्यांच्या गावात बारमध्ये गाणं म्हणजे लाज आणली, कुणी ढुंकून ऐकत नव्हतं तरी मी 'मजा आली' लिहितो, सगळी दुसऱ्याची गाणी आणि ती पण पाश्चात्य थेरं लावून, आवाज एवढा की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलता येईना, नाट्यपदाची चिठ्ठी पाठवली ती कुणी बघितली पण नाही, आणि शेवटी यापेक्षा आमच्या गल्लीतला बेंजो बरा. एवढं सगळं.

बेंजोपासूनच धरतो. आमचा ड्रमर बेंजो पार्टीतूनच आलाय काका, गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत टेम्पोवर उभं राहून ऑक्टोपॅड, म्हणजे ते काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड, बडवत तो शिकला, त्यामुळं तुमचं वाक्य वाचून सगळ्यात जास्त खूश तोच झाला. बेंजोवाल्याला एक गोष्ट येते जी क्लास लावून येत नाही. मिरवणूक चौकात अडकली, पोरं दमली, मागं बायका गप्प उभ्या आहेत, हे सगळं तो वाजवता वाजवता बघत असतो आणि ठेका न तोडता गाणं मधेच बदलतो. त्या रात्री आम्ही गाण्यांची यादी केली होती पण अर्ध्यातनंच ती सोडली, आणि पुढचं गाणं कुठलं हे ड्रमर मानेनं सांगत होता. आणि ते पाश्चात्य थेरांचं म्हणाल तर बेंजो तरी कुठला इथला? ज्याला आपण बेंजो म्हणतो ते टाइपरायटरसारख्या बटणांचं बुलबुल तरंग, त्याचं मूळ जपानचं ताइशोगोतो, नागोयात १९१२ साली निघालेलं. पेटी, म्हणजे हार्मोनियम, युरोपातनं आली, आकाशवाणीनं १९४० साली तिला बाहेर काढलं ते १९७१ पर्यंत आत घेतलं नाही, आणि आज पेटीशिवाय नाट्यपद कुणी ऐकेल का? गिटारला पण थोडा वेळ द्या की.

आता कुणी ऐकत नव्हतं हे. माझं मत जरा वेगळं आहे. त्या हॉलमध्ये एक नंबरवर जेवण होतं, आम्ही दोन नंबरवर, आणि हे आम्हाला माहीत होतं. लोक मटण खायला, मित्राचा बर्थडे करायला, काहीजण नुसतं बसायला आलेले. दोन नंबरवर राहून वाजवणं हे एक वेगळंच काम आहे आणि ते नाट्यगृहात शिकता येत नाही, कारण तिथं तिकीट काढलेला माणूस गप्प बसायचं ठरवूनच आलेला असतो. इथं साडेआठला टेबलं भरायला लागतात, सगळे मेन्यूत डोकं घालून बसलेले, वेटर ऑर्डर घेत फिरतोय, तेव्हा गायिकेनं जोरात वरचा सूर लावला की वेटरला रोटी किती ते ऐकू येत नाही आणि तो आमच्याकडं खाऊ का गिळू असं बघतो. म्हणून आधी नुसतं वाद्यांवर वाजवायचं. ताटं आली की हळू, ओळखीची जुनी गाणी. खाऊन झालं की लोक खुर्चीत मागं रेलतात, मग जरा उडती. तुम्ही म्हणता मान वर करून कोण बघत नव्हतं. पण बडीशेप आल्यावर पण बिल न मागता बसून राहिलेली टेबलं आम्ही वरनं मोजत होतो, आमच्यासाठी टाळी तीच.

आणि सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं ही पद्धत आपल्याकडं तरी कुठं पहिल्यापासनं होती? भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर हे नाटक केलं ते सांगलीच्या राजेसाहेबांच्या आश्रयानं, ते भाग्य सगळ्यांचं नसतं. संगीत नाटकात लोक वन्स मोअर देऊन तेच पद परत परत गायला लावायचे, नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. आणि आपल्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, घरची कुलकर्णीकी सोडून तमाशात गेले तेव्हा त्यांनाही लोकांनी लाजच काढून दाखवली असणार. आम्ही म्हणजे पठ्ठे बापूराव नाय हो, गैरसमज नको. पण शिट्ट्या मारणाऱ्या लोकांपुढं उभं राहून त्यांना धरून ठेवायचं हे इथल्या मातीतलंच आहे एवढंच म्हणायचंय.

दुसऱ्यांची गाणी, बरोबर. आमचं स्वतःचं एकच वाजवलं, ते पण ताटं येताना मधे घुसवून. अनोळखी गाणं सलग दोन वाजलं की लोक मोबाइल काढतात हा अनुभव आहे. चोरी म्हणाल तर तसं नाही, लोकांपुढं गाणी वाजवायची तर गीतकार संगीतकारांच्या वतीनं आयपीआरएस ही संस्था लायसन देते, १९६९ पासनं आहे ती, आणि ते साधारण हॉटेलवाल्यानं किंवा कार्यक्रम ठेवणाऱ्यानं काढायचं असतं.

मग बारमध्येच का, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात का नाही? भाडं, तिकीटविक्री, साउंडवाला, लाइटवाला, आणि एवढं करून पहिल्या दोन रांगेत आमचेच नातेवाईक. इथं मालक जेवण देतो, वर थोडे पैसे देतो, टेम्पोचं भाडं सुटतं.

आवाजाचं मात्र सविस्तर सांगतो कारण तिथं तुम्ही चिडला ते समजण्यासारखं आहे. तुम्ही बसला होता ते कोपऱ्यातलं टेबल, आणि कोपऱ्यात बेस नेहमी जास्तच गोळा होतो. वर हॉल बुटका, खाली टाइल्स, एका बाजूला सगळी काच. म्हणून तर आम्ही ड्रमसेट नेलाच नाही, काहोनवर भागवलं, म्हणजे ती बसून वाजवायची लाकडी पेटी. सुरुवातीला जी घूंऽऽ येत होती ती गिटारच्या ॲम्पची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याची, ॲम्प लावलेला बर्फाच्या मशीनच्या बोर्डाला आणि साउंडचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज कमीजास्त करायची पेटी, दुसऱ्याच बोर्डाला, दोन्हीचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं गेलं की मेनलाइनचा तो ५० हर्ट्झचा आवाज आत शिरतो. दोन्ही एका बोर्डावर आणल्यावर गेली. काहीजण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात, तसं कृपा करून कुणी करू नका, माईकला ओठ लागलेला असतो, जीवावर बेतेल.

आणि स्पीकरमधनं आलेली ती कानठळ्या बसवणारी शिट्टी आमची नव्हती हो. बर्थडेवाल्याच्या मित्रानं माईक मागून घेतला आणि पिक्चरमधल्या रॅपरसारखी वरची जाळी मुठीत धरली. गाण्याचा माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माईकच्या मागच्या बाजूला ठेवतात. जाळी झाकली की ते गणित बिघडतं, माईक चारी बाजूंचं ऐकायला लागतो, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये आणि माईकचा परत स्पीकरमध्ये. साउंड बघायला वेगळा माणूस नव्हता, मी गिटार सोडून मिक्सरपर्यंत पोचेस्तोवर तुमच्या टेबलावरच्यांनी कान झाकलेले.

दहानंतर लाउडस्पीकर नको हा ध्वनी प्रदूषणाचा २००० सालचा नियम, बंद हॉलला त्यात सूट आहे पण काचेतनं आवाज बाहेर जातोच, शेजारी बिल्डिंग आहे, म्हणून दहाला आम्ही मिक्सर बंद केला आणि पुढची गाणी तशीच म्हटली. मागच्या टेबलांना काही ऐकू आलं नाही, ते आपले गप्पा मारत बसले. डॉल्बीच्या भिंती सहन करणाऱ्या गावात एवढी काळजी घेणारे आम्हीच येडे असू.

राहता राहिली चिठ्ठी. ती पोचली होती काका, वेटरनं नीट आणून दिली, अजून माझ्या गिटारच्या बॅगेत आहे. वाजवली नाही कारण येत नव्हतं. नाट्यपदाला गिटारवर सरळ कॉर्ड मारत गेलं की रागाची वाट लागते, पडद्यांमुळं गिटारचे सूर जागच्या जागी बांधलेले, मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर न तोडता सरकणं, घ्यायची तर तार ओढून थोडीफार, आणि मिरजेच्या तंबोऱ्यावर ऐकलेल्या गंधाराची सवय असलेल्या कानाला ते लगेच खटकतं. आता जमवायला घेतलंय. आमची गायिका काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा षड्ज, कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या पडद्यावर लावून फक्त षड्ज पंचम धरायचा, मधली जागा तिला मोकळी सोडायची असं चाललंय. अंतरा अजून बसत नाही. तुम्हाला पद पाठ दिसतंय, अंतऱ्यातल्या ताना तुमच्या लक्षात कशा आहेत ते इथंच खाली लिहा किंवा म्हणून रेकॉर्ड करून पाठवा. आणि पुढच्या वेळी आलात तर आधी कळवा, खिडकीकडचं टेबल धरून ठेवायला सांगतो.