डीएनए-वाल्या गोळीच्या फॉरवर्डचा समाचार

हा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर फिरत होता तोवर मी काणाडोळा केला. पण मावशीने तो वाचून ब्लडप्रेशरची गोळीच बंद केली, आणि वर मलाच फैलावर घेतलं: "अरे, तू केमिस्ट्री शिकलास ना? मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" म्हणून आता सांगतो, आणि जरा वैतागूनच सांगतो.

मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्या भाग्यवंतांसाठी सारांश. परदेशी कंपन्या आता औषधी रसायनांना डीएनए चिकटवतात. तो गोळीतून पोटात जातो आणि आपली जनुकं बदलतो. अशी ८०० कोटी रसायनं एका नळीत तयार आहेत, "म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसासाठी एक". त्यासाठीचा डीएनए कोविडच्या वेळी आपल्याच नाकातून घेतला. तपासणी गरिबांवर होते. हे तंत्र चुकीची उत्तरं देतं याची कबुली कंपनीने २००९ साली दिली आहे, आणि आता सगळं चीनमध्ये चालतं. शेवटी नेहमीचं: बीपी-शुगरच्या गोळ्या आजच थांबवा, दहा जणांना पाठवा.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. रसायनांना डीएनए चिकटवतात. सिडनी ब्रेनर आणि रिचर्ड लर्नर यांनी ही कल्पना १९९२ साली मांडली. ब्रेनर म्हणजे पुढे २००२ साली नोबेल मिळालेले. अडचण अशी होती की लाखो रसायनं एकत्र तपासायची तर त्यातलं नेमकं कुठलं कामाला आलं हे ओळखायचं कसं? उपाय असा की प्रत्येक रेणूला डीएनएचा एक छोटा तुकडा जोडायचा, आणि त्यातल्या अक्षरांच्या क्रमावरून रेणूची ओळख पटवायची. देवळाबाहेर चपलांना बिल्ला मिळतो ना, तसा. बिल्ला परत करून आपण चपला घालतो, बिल्ला पायाला बांधून घरी जात नाही.

आता तो २००९ चा पुरावा. तो खरोखर आहे. 'नेचर केमिकल बायोलॉजी' या नियतकालिकात ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषधकंपनीच्या मॅथ्यू क्लार्क आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडला असता तर मेसेज लिहिलाच नसता. त्यात अशा डीएनए जोडलेल्या रेणूंचे दोन संग्रह आहेत, एक ७० लाख रेणूंचा आणि दुसरा ८० कोटींचा. या संग्रहांतून त्यांनी ऑरोरा ए आणि पी३८ या दोन प्रथिनांना चिकटणारे रेणू शोधले. पुढची पायरी महत्त्वाची: निवडून आलेले रेणू त्यांनी डीएनएशिवाय, नव्याने, साध्या रसायनशाळेतल्या पद्धतीने बनवले आणि मगच ते प्रथिनाचं काम रोखतात का हे मोजलं. ही काही त्यांची मेहेरबानी नव्हती, त्याशिवाय निष्कर्षच निघत नाही. डीएनएचा तुकडा त्या रेणूच्या कितीतरी पट जड असतो. तो लटकत असताना प्रथिनाला नक्की काय चिकटलं, रेणू की शेपटी, हे कोण सांगणार? म्हणजे ज्या तंत्राचा पहिलाच नियम "डीएनए काढून पुन्हा तपासा" असा आहे, त्या तंत्रावर गोळीत डीएनए घातल्याचा आरोप!

आणि मावशीच्या गोळीबद्दल बोलायचं तर ती अमलोडिपिन आहे. हे औषध १९९० च्या सुमारास बाजारात आलं. ब्रेनर-लर्नर यांचा लेख १९९२ चा. कल्पना कागदावर उतरण्याआधी त्या कल्पनेने गोळी बिघडवली, हे कसं काय बुवा? शुगरवाल्यांची मेटफॉर्मिन तर त्याहून म्हातारी, १९५७ पासून मधुमेहासाठी वापरात आहे. ज्या गोळ्या थांबवायला सांगताय त्यांचा या तंत्राशी काडीचा संबंध नाही. त्या थांबवल्याने बीपी किंवा शुगर मात्र चढू शकते, आणि पॅरालिसिसचा झटका फॉरवर्ड करता येत नाही.

"पोटात जातो आणि जनुकं बदलतो" यावर फार शाई खर्च करत नाही. मेथीच्या भाजीत डीएनए असतो, बांगड्यात असतो, आणि तो पोटात पचतो. तीव्र आम्लात तर डीएनएची अक्षरं गळून पडतात. म्हणूनच हे संग्रह बनवणाऱ्यांना पाण्यात चालणाऱ्या, सौम्य अभिक्रियाच निवडाव्या लागतात. ही त्या लोकांची रोजची डोकेदुखी आहे.

८०० कोटींची गंमत बघा. मूळ आकडा आहे ८०० मिलियन, म्हणजे ८० कोटी. भाषांतर करताना एक शून्य वाढलं आणि त्या शून्यातून "प्रत्येक माणसासाठी एक रसायन" हे कारस्थान जन्माला आलं. बरं, पुढे याहून मोठे, अब्जावधींचे संग्रहही झाले, हेही सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणी तोंडावर फेकायला नको. पण एवढे रेणू बनतात कसे? समजा एक हजार भांड्यांत एक हजार वेगवेगळे घटक घातले, प्रत्येक भांड्यातल्या रेणूला त्या भांड्याच्या खुणेचा डीएनए जोडला, सगळं एकत्र ओतून ढवळलं आणि पुन्हा हजार भांड्यांत वाटलं. असं तीनदा केलं की हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे १०० कोटी प्रकार होतात, आणि अभिक्रिया केल्या फक्त ३०००. वाटा आणि मिसळा ही युक्ती हंगेरीच्या आर्पाद फुरका यांची, १९८० च्या दशकातली.

प्रकार अफाट, पण प्रत्येकाचा साठा किती? मी कागदावर हिशेब मांडला. समजा नळीत एकूण एक नॅनोमोल (रेणू मोजायचं एक अगदी लहान माप) माल आहे आणि ८० कोटी प्रकार आहेत. मग प्रत्येक प्रकाराचे जेमतेम साडेसात लाख रेणू येतात. पाच मिलिग्रॅम अमलोडिपिनच्या एका गोळीत याच्या सुमारे दहा लाख कोटी पट रेणू असतात. त्या नळीतून जगातल्या प्रत्येकाला तर सोडाच, एका माणसाला एक गोळीही पुरणार नाही. डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाही.

नाकातल्या स्वॅबचं काय करावं कळत नाही. तिथे विषाणूचा आरएनए शोधत होते. आणि खूण म्हणून लागतो तो डीएनए यंत्रावर कृत्रिमरीत्या, आधीच ठरवलेल्या क्रमाने बनवलेला असतो. अक्षरांचा क्रमच माहीत नसेल तर खूण कसली? कुणाच्या सर्दीचा यात उपयोग शून्य.

गरिबांवर तपासणी, या मुद्द्यावर मात्र मी हसणार नाही. भारतात औषधांच्या चाचण्यांबद्दल संशय हवेतून आलेला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर केंद्र सरकारला धारेवर धरलं होतं. पण डीएनए-संग्रहाची तपासणी माणसावर होतच नाही, पेशीवरही सहसा नाही. शुद्ध केलेलं प्रथिन चुंबकीय मण्यांवर बांधतात, त्यावर संग्रह ओततात, न चिकटलेलं धुऊन टाकतात, चिकटलेलं गरम करून सोडवतात, आणि पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढणाऱ्या तंत्राने, वाढवून खुणा वाचतात. माणसाचा नंबर येतो तो कित्येक वर्षांनी, डीएनए नसलेल्या औषधावर, आणि तिथे कायद्याने जे प्रश्न विचारायचे ते जरूर विचारा.

चीन? हो, चेंगडूची हिटजेन ही कंपनी हेच काम करते. अमेरिकेत आणि युरोपातही कंपन्या आहेत. पुढे काय?

राहिली ती "कबुली". तंत्र चुकीची उत्तरं देतं, हे शंभर टक्के खरं. कधी रेणूऐवजी डीएनएच प्रथिनाला चिकटतो, कधी माल प्रथिनाला नव्हे तर मण्याला चिकटतो, कधी एखादी अभिक्रिया अर्धवट झालेली असते आणि खूण एक सांगते, रेणू निघतो दुसराच. खरा निघालेला धागासुद्धा, म्हणजे प्रथिनाला खरंच चिकटणारा रेणूसुद्धा, पुढे तुटू शकतो. ग्लॅक्सोचंच जीएसके २९८२७७२ हे प्रायोगिक औषध घ्या. डीएनए-संग्रहातल्या धाग्यावरून ते बनलं, माणसांपर्यंत पोचलं, आणि संधिवात व अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत म्हणावा तसा गुण आला नाही. हे निकाल छापून आलेत, कुणीही वाचावेत. खोटी उत्तरं गाळण्यासाठीच निवडून आलेले रेणू डीएनए काढून पुन्हा बनवतात. मेसेजमध्ये कंपनीचा गुन्हा म्हणून लाल अक्षरांत जे छापलंय, ते या गाळणीचंच वर्णन आहे.