नवे ड्रायव्हर लिहू नका, पण लिहिलेले तरी काढून टाकू नका

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात असलेल्या माझ्यासारख्या माणसाकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून एकच विचारणा होत आहे, ती म्हणजे आता संगणक बदलावाच लागेल का. या चर्चेत सगळ्यांचे लक्ष ऑपरेटिंग सिस्टमकडे असते. प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, इतकेच काय, साध्या केबलमधली चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जुन्या संगणकाची खरी कोंडी होते ती तिथे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यात दुभाष्याचे काम करणारा प्रोग्राम. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सिस्टमसाठी कंपन्यांनी कायम नवे ड्रायव्हर लिहीत राहावे, अशी माझी अपेक्षा नाही. परंतु एकदा लिहून, तपासून, ग्राहकाने मोजलेल्या पैशांतून तयार झालेला ड्रायव्हर संकेतस्थळावरून उतरवणे, आणि त्याच वेळी त्या यंत्राशी संवाद कसा साधायचा याची तांत्रिक माहितीही कुलपात ठेवणे, हे मला मान्य नाही.

खानदेशात जुनी विंडोज कोण वापरते, असे शहरातले लोक आश्चर्याने विचारतात. जिनिंगच्या फाटकावरचा वजनकाटा पाहा, रावेर-सावद्याकडे केळीच्या ट्रकचे वजन होते तो काटा पाहा, तालुक्याच्या गावातला लग्नपत्रिका छापणारा छापखाना पाहा, किंवा एखाद्या जुन्या पतसंस्थेचे कार्यालय पाहा. या ठिकाणी हौस म्हणून कोणी विंडोज ७ किंवा एक्सपी ठेवलेली नाही. काट्याचा प्रोग्राम ज्याने लिहून दिला, तो माणूस केव्हाच गाव सोडून गेलेला असतो. छापखान्याकडे दोन दशकांच्या पत्रिका, पावतीपुस्तके आणि अहवाल पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये, युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेले असतात, आणि ते फॉन्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे डोंगल (परवान्याची खात्री करणारी, पोर्टला लावायची छोटी किल्ली) नव्या विंडोजवर ओळखले जाईलच याची शाश्वती नसते. संगणक जुना ठेवण्यामागे धंद्याचे पक्के गणित असते.

आता अशा ठिकाणचा मदरबोर्ड उडाला की काय होते, ते सांगतो. अमळनेरच्या एका छापखान्यात ऐन लग्नसराईत व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड गेला. मालक अप्पांनी खर्चाला मागेपुढे न पाहता नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि नवी रॅम घेतली, आणि त्यावर पूर्वीचीच विंडोज ७ टाकून द्या म्हणाले. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या पडद्यावर, कीबोर्ड आणि माऊस व्यवस्थित चालत होते. डीव्हीडीवरून सेटअप सुरू झाला, भाषा निवडण्याची पहिली खिडकी पडद्यावर आली, आणि तिथे दोन्ही निपचित झाले. बाण जागचा हलेना, एन्टर दाबून काही होईना. अप्पा म्हणाले, "भाऊ, मशीन नवं शे, मंग माऊस काबर हालत नही?"

याचे उत्तर साधे आहे. विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी, आणि तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. सुरुवातीला याने काही बिघडले नाही, कारण बोर्डावर यूएसबी २ चा जुना कंट्रोलरही (पोर्ट चालवणारा भाग) असे आणि सेटअपचे काम त्याच्यावर भागत असे. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर जे चिपसेट आले, त्यांतून तो जुना कंट्रोलर काढून टाकला गेला. काही काळ बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी सेटअपमध्ये ड्रायव्हर घुसवून देणारी छोटी साधने पुरवली, नंतर तीही मिळेनाशी झाली. बोर्डाला मागच्या बाजूला गोल पीएस/२ पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड जोडून सेटअप पुढे नेता येतो. पण पुढे गेल्यावर नेटवर्क आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर लागतात, आणि अप्पांच्या बोर्डाच्या निर्मात्याच्या पानावर विंडोज ७ हा पर्यायच नव्हता. अखेर जळगावहून जुन्या बनावटीचा सेकंडहँड बोर्ड आणून बसवला तेव्हा पत्रिका छापायला लागल्या. नवी खरेदी कपाटात पडून राहिली.

सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून आणि एएमडीच्या रायझनपासून तर धोरण उघडच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये अशा प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज ७ आणि ८.१ ची अपडेट अडवली, आणि त्या वेळी विंडोज ७ चा स्वतःचा घोषित आधार संपायला जवळपास तीन वर्षे बाकी होती. एएमडीने ग्राफिक्स कार्डांसाठी विंडोज ७ चे ड्रायव्हर २०२१ च्या मध्यात थांबवले, एनव्हिडियाने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. एनव्हिडियाच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवली पाहिजे, की नवे ड्रायव्हर थांबवल्यावरही गंभीर सुरक्षा दोषांची दुरुस्ती सप्टेंबर २०२४ पर्यंत देऊ, असे त्या कंपनीने आधीच सांगून ठेवले होते. विंडोज १० साठीही आपल्या आरटीएक्स मालिकेच्या ग्राफिक्स कार्डांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत ड्रायव्हर मिळतील, हे तिने आगाऊ जाहीर केले. तारीख आधी कळली की खरेदीचे नियोजन करता येते. मला कंपन्यांकडून निदान एवढी शिस्त हवी आहे.

कंपन्यांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. ड्रायव्हर हा सिस्टमच्या अगदी आतल्या थरात, सर्वाधिकार घेऊन चालणारा प्रोग्राम असतो. त्यात चूक राहिली तर सगळा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडतो, आणि त्यात फट राहिली तर घुसखोराला तिजोरीच मिळते. २०२१ च्या उन्हाळ्यात 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेला दोष विंडोजच्या छपाई सेवेत, प्रिंटर ड्रायव्हर बसवण्याच्या प्रक्रियेतच सापडला होता. शिवाय जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची घडणच बदलली, ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि तिथे ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली. विंडोज ११ ची तर ३२ बिट आवृत्तीच नाही. प्रत्येक बदलाला प्रत्येक जुन्या यंत्राचा ड्रायव्हर पुन्हा लिहून तपासणे म्हणजे मोठा खर्च आहे, हे मी मान्य करतो. इंटरनेटला जोडलेल्या, बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर विंडोज ७ ठेवू नका, असे मी स्वतः प्रत्येक ग्राहकाला बजावून सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरात जे नुकसान केले, ते अपडेट न केलेल्या संगणकांवरच केले.

मात्र वजनकाट्याचा संगणक इंटरनेटला जोडलेला नसतो. त्याला काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या डब्याकडून) सीरियल पोर्ट या जुन्या पद्धतीच्या जोडणीवरून आकडा घ्यायचा असतो आणि पावती छापायची असते. त्याच्या बाबतीत सुरक्षेचे कारण पुढे करून ड्रायव्हर हिरावून घेणे पटण्यासारखे नाही.

याच काट्यावरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पाहिला की मुद्दा अधिक उलगडतो. तो प्रिंटर अक्षरे आणि काही ठरावीक नियंत्रण-संकेत थेट समजतो. त्या संकेतांची सूची प्रसिद्ध आहे. त्यामुळे डॉसपासून आजच्या लिनक्सपर्यंत कोणतीही सिस्टम त्याला मजकूर पाठवू शकते, आणि म्हणूनच कापसाची धूळ खात ही यंत्रे वर्षानुवर्षे पावत्या काढत आहेत. याउलट गेल्या दोन दशकांत आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी पोहोचलेले स्वस्त लेसर प्रिंटर वेगळ्या पद्धतीचे आहेत. पानाचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे काम त्यांच्यात होत नाही, ते संगणकावरचा ड्रायव्हर करतो आणि कंपनीच्या स्वतःच्या, अप्रकाशित स्वरूपात ते ठिपके प्रिंटरकडे पाठवतो. एचपीच्या लेसरजेट १०२० सारख्या लोकप्रिय प्रिंटरमध्ये तर स्वतःचे फर्मवेअरही, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्रामही, कायमचे साठवलेले नसते, प्रत्येक वेळी प्रिंटर चालू केला की संगणकाने ते त्याला पाठवावे लागते. कॅननच्या एलबीपी २९०० ची भाषाही कंपनीची खासगी आहे. या रचनेमुळे प्रिंटर स्वस्त झाला हे खरे, पण निम्मा प्रिंटर आपल्या टेबलावर आणि निम्मा ड्रायव्हरमध्ये अशी वाटणी झाली. ड्रायव्हर गेला की ड्रम, फ्यूजर आणि रोलर उत्तम असूनही तो प्रिंटर भंगारवाल्याकडे जातो. विकत घेताना हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

जुने ड्रायव्हर काढून टाकण्याची उदाहरणे अनेक आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलने आपल्या जुन्या बोर्डांचे कितीतरी ड्रायव्हर आणि बायोस संकेतस्थळावरून उतरवले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० मध्ये जुन्या एसएचए-१ पद्धतीने स्वाक्षरी केलेल्या फाइल डाउनलोड केंद्रातून हटवल्या. त्या स्वाक्षरीची पद्धत कमकुवत झाली होती, हे कारण योग्यच होते. परंतु अधिकृत दार बंद झाल्यावर गरजू माणूस जातो कुठे? शोधयंत्रात बोर्डाचा क्रमांक टाकला की 'सर्व ड्रायव्हर मोफत' अशी जाहिरात करणारी पाने समोर येतात, आणि त्यांतली कितीतरी ड्रायव्हरच्या नावाखाली भलतेच काही गळ्यात मारतात. सुरक्षेसाठी म्हणून फाइल काढावी, आणि ग्राहकाला त्याहून असुरक्षित जागी ढकलावे, असा हा व्यवहार आहे. इशारा लिहून, फाइलची खातरजमा करता येईल असा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, देऊन जुनी फाइल एका वेगळ्या पानावर ठेवायला कंपनीला असा कितीसा खर्च येणार?

केबलमधल्या चिपचा उल्लेख वर केला आहे. नव्या संगणकाला सीरियल पोर्ट नसल्यामुळे काट्याची जोडणी यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टरने करावी लागते. त्यात बहुधा प्रोलिफिक किंवा एफटीडीआय यांची चिप असते, किंवा त्यांची नक्कल. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला, आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून त्या निकामी केल्या. मोठा गदारोळ झाला आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या पीएल२३०३ चिपच्या नावापुढे, ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा, असा संदेश विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीतच दिसतो. नकलेविरुद्धचा कंपन्यांचा राग मला समजतो. परंतु शिक्षा होते ती जळगावच्या फुले मार्केटमधून चांगल्या विश्वासाने केबल घेणाऱ्या काटेवाल्याला, नक्कल करणाऱ्याला नाही. अस्सल पण जुनी चिप असणाराही त्यात भरडला जातो.

माहिती खुली केली तर काय घडते, याचा दाखलाही आहे. एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या रेडिऑन ग्राफिक्स चिपांची तांत्रिक कागदपत्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याचा परिणाम असा की कंपनीने स्वतः सोडून दिलेली कितीतरी जुनी कार्डे आजही लिनक्सवर खुल्या ड्रायव्हरने चालतात. स्कॅनरच्या बाबतीत मी हे हाताने केले आहे. ६४ बिट विंडोज १० साठी ज्याचा ड्रायव्हर निर्मात्याने दिलाच नाही, असा फ्लॅटबेड स्कॅनर एका शाळेच्या कार्यालयात लिनक्सवर सेन नावाच्या खुल्या प्रणालीने तत्काळ ओळखला गेला, आणि दाखल्यांचे स्कॅनिंग त्याच दिवशी सुरू झाले. लिनक्स हा प्रत्येकाला उपाय नाही. छापखान्याचे मराठी सॉफ्टवेअर तिथे चालत नाही, म्हणून अप्पांना मी तो सुचवलाही नाही. पण कंपनीला पुढे काम करायचे नसेल, तर इतरांना ते करू देण्याइतकी माहिती तिने द्यावी, ही मागणी अवाजवी नाही.

आपल्या देशात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार स्मार्टफोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सिस्टमची अपडेट द्यावी लागते. फोनच्या बाबतीत जे शक्य झाले, ते प्रिंटर, स्कॅनर आणि मदरबोर्डच्या बाबतीत का होऊ नये? दुरुस्ती म्हणजे सुटे भाग आणि स्क्रू एवढेच आपण धरून चाललो, तर ड्रायव्हर त्या हक्काच्या बाहेरच राहील. ग्राहक व्यवहार विभागाकडे ग्राहक म्हणून पत्र लिहिताना ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे शब्द त्यात आवर्जून घालावेत, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

कायद्याची वाट न पाहता एक गोष्ट इथूनच करता येते. आपल्या विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, शाळा आणि ग्रामपंचायती प्रिंटर-संगणक घेताना तीन दरपत्रके मागवतात, आणि त्यांत किंमत व वॉरंटी यांपलीकडे काही विचारले जात नाही. त्या मागणीपत्रात एवढे वाढवावे: यंत्राचा ड्रायव्हर किती वर्षे अधिकृत संकेतस्थळावर उपलब्ध राहील हे लेखी द्यावे, आणि प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा आयपीपी यांपैकी एखादी सर्वमान्य पद्धत समजणारा असावा. असा प्रिंटर सुरुवातीला महाग पडतो. सोबतची सीडी किंवा डाउनलोड केलेली सेटअप फाइल बिलाबरोबर पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी, आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या संगणकावर असावी. चोपड्याच्या एका संस्थेने यंदाच्या दरपत्रकात ही अट घातली आहे. दोन विक्रेत्यांनी उत्तर दिले नाही, तिसऱ्याने निर्मात्याकडून लेखी मागवतो असे कळवले आहे.