‘नाशिक सेफ आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे

हा प्रश्न मला सतत विचारला जातो. अंबडला गोडाऊन घेणारे उद्योजक विचारतात, पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघणारी जोडपी विचारतात, सोसायट्यांचे चेअरमन विचारतात. सोसायट्या, कारखाने आणि हॉस्पिटलांच्या सुरक्षेचं नियोजन करणं हे माझं काम, त्यामुळे नाशिकच्या गुन्हेगारीचा एखादा आकडा माझ्याकडे तयार असेल असं लोकांना वाटतं. अख्ख्या शहराच्या एका आकड्यावर कुणीही सुरक्षेचा एक रुपया खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात पूर्वी दहा लाखांवरच्या ५३ शहरांचा स्वतंत्र तक्ता असायचा, त्यात नाशिक होतं. २०१६च्या अहवालापासून तो वीस लाखांवरच्या १९ महानगरांपुरता उरला. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. आपली २०११ची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार, म्हणून आपण बाहेर. नाशिक पोलीस आयुक्तालयातल्या गुन्ह्यांची संख्या जिल्ह्यांच्या यादीत सापडते, पण लाख लोकांमागे किती गुन्हे हे काढायला भागायचं कशाने? हातात आहे ती २०११चीच जनगणना. त्यानंतर आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद शिवारातले मळे जाऊन इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या गुन्ह्यांना जुन्या लोकसंख्येने भागलं की परिसर आहे त्याहून वाईट दिसतो. शालिमार, मेन रोड, सीबीएसला तर राहणारे थोडे आणि दिवसभर येणारे-जाणारे अफाट. तिथे लोकसंख्येने भागण्याला काही अर्थच उरत नाही.

नोंदीचाही प्रश्न आहे. दुचाकी चोरीची संख्या त्यातल्या त्यात भरवशाची, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी दाद देत नाही. मोबाइलचं उलटं. गर्दीत खिशातून गेलेला फोन बऱ्याचदा ‘गहाळ’ म्हणून लिहिला जातो आणि गुन्ह्यांच्या हिशेबात येतच नाही. एकाच एफआयआरमध्ये चार कलमं असतील तर एनसीआरबी त्यातलं सगळ्यात गंभीर तेवढंच मोजतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिसकावून नेण्याला ३०४ हे वेगळं कलम आलं. त्याआधी सोनसाखळीचे गुन्हे चोरीत किंवा जबरी चोरीत जायचे. मग २०२३ आणि २०२५ शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘घटले’ म्हणण्याआधी रकाने तरी तेच आहेत का, हे बघायला नको?

आणि ज्या ठाण्यात प्रत्येक फिर्याद प्रामाणिकपणे घेतली जाते, त्याच ठाण्याचा आलेख वर चढतो. दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३मध्येच ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं. तो नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला वाढलेल्या आकड्यावरून बोल लावणं हा अन्याय आहे, आणि वर्तमानपत्रं दरवर्षी तो करतात.

मग करायचं काय? फिर्यादी वाचायच्या. सप्टेंबर २०१६च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर २४ तासांत ऑनलाइन टाकावे लागतात, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ते ठाण्यानुसार बघता येतात. मी कुठलंही काम घेतलं की त्या ठाण्याचे मागच्या वर्षभराचे एफआयआर काढून बसतो. जागा, वार, वेळ, आत कसे शिरले, काय नेलं. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. घरफोडीत नेमकी वेळ नसते. ‘शुक्रवारी रात्री नऊ ते सोमवारी सकाळी आठ’ असं लिहिलेलं असतं. म्हणून तिथे तास शोधत न बसता घर बंद असण्याचे दिवस बघायचे: दिवाळी, मे महिना, जोडून आलेल्या सुट्ट्या. सोनसाखळीची वेळ मात्र मिनिटापर्यंत कळते. तिथे बघायचं ते पळून जायची वाट. कॉलनीतला रस्ता दोन वळणांत हायवेच्या सर्व्हिस रोडला लागत असेल, तर गेटवरचा कॅमेरा फार तर पाठमोरी दुचाकी दाखवेल.

१९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या पोलिसांकडे आलेले कॉल तपासले होते. निम्मे कॉल जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. आपल्याकडे फिर्यादी वाचताना मलाही असंच दिसतं: तोच चौक, तेच पार्किंग, तीच अंधारी बोळ. जोखीम शहराला नसते, जागेला आणि वेळेला असते. शिवाय तुम्ही काय राखताय त्यावर ती बदलते. सातपूरच्या बंद शेडमध्ये तांब्याची केबल जाते आणि बऱ्याचदा आतल्या माणसाला सगळं ठाऊक असतं. मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलला चोरापेक्षा रुग्ण दगावल्यावर आयसीयूच्या दारात जमणाऱ्या जमावाची तयारी हवी. गंगापूर रोडच्या एकट्या आजी-आजोबांचं सगळ्यात मोठं नुकसान हल्ली फोनवरून होतं. त्यांच्या फोनशेजारी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा, खर्च शून्य.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. ‘अमुक वस्तीच्या जवळ आहे, म्हणजे रिस्क जास्त’ असं लोक सर्रास बोलतात, काही एजन्सीज तर रिपोर्टात लिहून देतात. आरोपी राहतो कुठे आणि गुन्हा घडतो कुठे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नियोजनाला दुसरी लागते. वस्तीच्या नावावरून काढलेल्या नकाशात जातीधर्माचा आकस असतो, माहिती नसते. त्या वस्तीत राहणारा, कष्ट करून खाणारा माणूसच तिथल्या टवाळखोरांचा पहिला बळी असतो, आणि त्याच्या घराला ना कॅमेरा ना वॉचमन.

वॉचमनचंही सांगतो. खाजगी सुरक्षेचा कायदा २००५चा आहे. नियमांत रक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. तुमच्या गेटवरच्या काकांना ते मिळालंय का, एजन्सीला विचारा. बारा तासांच्या ड्युटीत पहाटे तीनला त्यांचा डोळा लागला तर दोष त्यांचा नाही, बारा तासांची ड्युटी लावणाऱ्याचा आहे.

आता सिंहस्थ. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वण्या आहेत. २७ ऑगस्ट २००३ला रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. तो गुन्हा नव्हता, म्हणून कुठल्याही क्राईम रेटमध्ये तो दिवस दिसणार नाही. म्हणजे बंदोबस्तात घाट आणि तिकडे जाणारे उतार आधी, हे उघड आहे. पण बंदोबस्त गोदाकाठी गेल्यावर इंदिरानगर, उपनगर, अंबडच्या बीटवर (ठाण्याच्या हद्दीतल्या गस्तीच्या भागांत) किती पोलीस उरतील, याचाही आराखडा आत्ताच लोकांसमोर यायला हवा. आयुक्तालयाने दर महिन्याला बीटनिहाय, वेळनिहाय तक्ता प्रसिद्ध करावा, फिर्यादींची नावं वगळून. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अशी माहिती आपणहून द्यायला सांगतं, त्यासाठी कुणी अर्ज करायची वाट बघायची नसते. मी या मागणीचं निवेदन तयार करतोय. ज्या सोसायट्यांना आणि कारखानदारांना सही करायची असेल त्यांनी आपल्या पोलीस ठाण्याचं नाव खाली लिहा.