फॉलोअर म्हणजे मतदार नव्हे, फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज येतोय, की राजकारण आता मोबाईलवर गेलंय, ज्याचे फॉलोअर्स जास्त तोच निवडून येणार, एखादी गोष्ट ट्रेंड झाली की सरकारला झुकावंच लागतं आणि सभा, कार्यकर्ते, दारोदार फिरणं हे सगळं जुनं झालं. आमच्या गावातली कॉलेजची पोरंसुद्धा हे खरं धरून चाललीत म्हणून लिहायला बसलो.

आधी फॉलोअर्सचं बघू. २०२४ च्या विधानसभेला वर्सोव्यातून अभिनेता एजाज खान उभा होता, इन्स्टाग्रामवर ५६ लाख फॉलोअर्स, आणि मतं पडली १५५. नोटाला त्याच्याहून कितीतरी जास्त. फॉलोअर जगात कुठंही बसलेला असतो, मतदार यादी मात्र एका मतदारसंघाची असते, आणि यादीत नाव असलेल्यानं त्या दिवशी उठून बूथवर जावं लागतं. कोणी म्हणेल मग २०१९ च्या लोकसभेला अभिनेते अमोल कोल्हे कसे आले शिरूरमधून? टीव्हीमुळे चेहरा घराघरात होता हे मान्यच, पण मागे पक्षाचं गावोगावचं जाळं होतं, आणि त्याच २०१९ ला उर्मिला मातोंडकर एवढी ओळख असून उत्तर मुंबईत साडेचार लाखांवर मतांनी पडल्या.

उलट उदाहरण आमच्या नाशिक जिल्ह्यातलं. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले, आणि २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री भारती पवार पडल्या, कोणाकडून, तर भास्कर भगरे या शिक्षकाकडून, एक लाखाहून जास्त मतांनी. मतदानाच्या तोंडावर मे महिन्यात बंदी उठवली होती तरी. तिथंच आणखी एक भगरे आडनावाचे अपक्ष होते, चिन्ह नुसती तुतारी (भास्कर भगरेंचं होतं तुतारी वाजवणारा माणूस), फारसं कोणी ओळखत नव्हतं, त्यांनाही एक लाखावर मतं गेली! आडनाव आणि तुतारी लोकांच्या डोक्यात एवढी बसली होती, हे फॉलोअर्स मोजून कोणाला कळलं असतं का?

आता ट्रेंडचं. मुंबईतली आरे कॉलनी आठवते ना, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली ती? ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, सगळा सोशल मीडिया हळहळत होता, मोठमोठे कलाकार बोलत होते, आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं थांबवेपर्यंत २१०० च्या वर झाडं पडलेली. पुढे कारशेड कांजूरला नेण्याचा निर्णय झाला तो सरकार बदललं म्हणून, २०२२ ला परत आरेत आला तोही सरकार बदललं म्हणून. ती झाडं मला आजही लागतात जिवाला, पण खोटा दिलासा नको.

मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण? तिथं तर सरकार हललं! हो, हललं. २८ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टात मठाच्या विरोधात निकाल लागला, हत्तीण गुजरातेत अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात गेली, पुढच्या काही दिवसांत सरकारनं मठासोबत कोर्टात जायचं जाहीर केलं. व्हिडिओंनी लोकांच्या डोळ्यात पाणी आणलं हे खरंच, त्याचं महत्त्व मी नाकारत नाही. पण त्याच्या जोडीला ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर माणसं पायी चालली, गावंच्या गावं अंबानींच्याच जिओची सिमकार्ड बदलायला लागली, आणि ही सगळी एकाच पट्ट्यातली मतदार माणसं होती. आमदार-खासदारांना ते चेहरे ओळखीचे होते, म्हणून धावपळ झाली.

आणि दारोदार फिरणं जुनं झालं म्हणणाऱ्यांनी लाडकी बहीण बघावी. लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, आणि महिनाभरात, जूनच्या शेवटी, महिन्याला १५०० ची घोषणा. कुठल्या हॅशटॅगनं नाही, मतमोजणीनं. अर्ज भरून घ्यायलासुद्धा गावोगाव अंगणवाडी सेविका लागल्या.

मेसेजचं शेवटचं वाक्य आहे की शेअर करा, तेवढंच आपल्या हातात आहे. तेवढंच कसं? ग्रामसभा आपल्याच हातात आहे. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते, एवढीच माणसं लागतात. आमच्याकडं मागच्या वेळी तीसच आली, सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी जे सात-आठ जण आले त्यांनीच वर्षभराच्या कामांची यादी ठरवली. हा मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्यांपैकी एकही पोरगा दोन्ही वेळा तिथं नव्हता.